माणूस नसलेला सीन

आज आमच्या टॉवेल कारखान्यात नवे माग सुरू झाले. त्यांच्या तेलाचा वास शर्टात घेऊन घरी आलो आणि कॉलेजात असतानाचा एक मॅटिनी शो आठवला.

हिंदीत डब केलेला इंग्रजी पिक्चर होता. यंत्रांनी जग जिंकलेलं आणि हिरो एकटा लढतोय. मी शिट्ट्या मारत होतो. शेजारी माझे वडील, अप्पा, कारखान्यातली पाळी संपवून तसेच आलेले, भुवयांवर मागावरचा कापूस. मधेच पडद्यावर एक लांबलचक कारखाना आला. सगळी यंत्रं चालू आणि माणूस एकही नाही. अप्पा खुर्चीत पुढं सरकले.

“आरं, तितं मानूस कसा न्हाय? धागा तुटला तर गाठ कोन मारतंय?”

पुढच्या रांगेतले हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अप्पा, गप बसा की. फायटिंग बघा.”

त्या पिक्चरमध्ये तेवढाच सीन खरा होता आणि तो अख्ख्या थेटरात अप्पांनाच दिसला.

आता धागा तुटला की माग आपोआप थांबतो, लाल दिवा लागतो. बारा मागांना एक माणूस पुरतो. बाकीच्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ हे आज मीच सांगितलं. अप्पांच्या कमाईवर शिकून सुपरवायझर झालो ना!

“शेडमदी आता किती मानसं हायत रं?” अप्पांनी कॉटवरून विचारलं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.