साहेबांच्या पानातली मूद

जपानी लोकांच्या जेवणाच्या सगळ्या रीती मला ठाऊक होत्या. एक सोडून.

तेव्हा आम्ही आखातात, दुखानला, तेलकंपनीच्या वसाहतीत राहत होतो. (नाशिकहून मुक्कामाला आलेली आई त्या गावाला ‘दुखणं’ म्हणायची. जीभ वळत नव्हती की मुद्दाम, देव जाणे!) माझ्या बायकोला, मेधाला, दोह्यात अगदी मनासारखी नोकरी चालून आली होती. पण माझी बदली दोह्याला झाली तरच ती घेता येणार होती, आणि बदली होती आमच्या जपानी साहेबांच्या, नाकामुरांच्या हातात.

“त्यांना जेवायला बोलवू या,” मी म्हणालो. इथेच ग्रह फिरले.

मी आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि घरात शिकवणी सुरू केली. “नूडल्स खाताना भुरका मारायचा. आवाज जितका मोठा, तितकी स्वयंपाकाची तारीफ!”

“अरे देवा! मग तुझ्या बाबांना मी जन्मभर उगाचच ओरडले,” आई हळहळली.

“आणि ताटात शीतसुद्धा टाकायचं नाही.”

“ते तुला मी लहानपणापासून सांगतेय. त्याला जपानी कशाला लागतात?”

साहेब यायच्या दिवशी मेधाने भात, आमटी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं. मी वाटीने भाताची घट्ट मूद पाडली आणि तिच्या डोक्यात, दोह्याच्या ‘द पर्ल’मधल्या दुकानातून खास आणलेल्या दोन चॉपस्टिक उभ्या खोचल्या. काय शोभा आली होती!

“सुन्या, काढ त्या काड्या. पिंडासारखं दिसतंय!” आई म्हणाली.

“आई, हे जपानी आहे. तुला नाही कळायचं.”

साहेब आले. बूट काढले, आईला कमरेत वाकून नमस्कार केला. आईने “औक्षवंत व्हा” म्हटलं. मग ते पानावर बसले, मूद पाहिली आणि चेहरा पांढराफटक! ते तसेच उठून उभे राहिले आणि मान खाली घालून इंग्रजीत हळूच म्हणाले, “सुनील-सान, कोण वारलं?”

“कोणी नाही, सर! हे तुमच्यासाठी!”

“माझ्यासाठी?”

मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे भाताचा असा उंच ढीग, वर उभ्या काड्या, हे पान मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवतात. मेधाने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरं पान माझ्या उशाशी लागणार याची मला खात्री पटली. गेली बदली!

आईला त्यातलं ‘डेड’ तेवढं कळलं. “तरी मी सांगत होते!” म्हणत तिने काड्या उपटल्या, मूद मोडली, वर आमटी ओतली आणि साहेबांना हाताला धरून बसवलं. “तुम्ही जेवा हो. हा लहानपणापासून असाच आहे.”

साहेबांना शब्द कळला नसेल, भाव कळला असावा. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि आमटीचा असा दणदणीत भुरका मारला, की माझ्या जिवात जीव आला. मग त्यांना हसू फुटलं ते श्रीखंडापर्यंत थांबेना.

पुढच्याच महिन्यात बदलीचा हुकूम निघाला. निरोपाच्या जेवणात साहेबांनी माझ्यापुढे एक पान ठेवलं. भाताचा ढीग, वर दोन उभ्या काड्या! “दुखानपुरते तुम्ही वारलात, सुनील-सान. खलास!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईला तर आनंद मावेना. तिने नाशिकला मावशीला फोन लावला. “सुमे, आमचा सुनील दुखण्यातून सुटला गं एकदाचा!” एवढं म्हणताच तिला रडू फुटलं आणि फोन ठेवून ती पदराने डोळे पुसत बसली.

लगेच मेधाचा फोन वाजला. तिचे हात कणकेत होते, म्हणून मी उचलला. पलीकडे मावशी हमसून हमसून रडत होती. “मेधा, बाळ, धीर धर गं. कधी गेला?”

“मावशी, मी सुनील बोलतोय.”

रडणं खाडकन थांबलं. मग मावशी कडाडली, “मेल्या!”

माझ्याबाबतीत जपान आणि नाशिक यांचं एवढं एकमत पुन्हा कधी झालं नाही.