पांढऱ्या गाडीवरचा शब्द

गाडी कंपनीतून पांढरीच आली होती. पांढरा रंग उन्हात कमी तापतो, डाग लगेच दिसतो म्हणून ड्रायव्हर पुसून ठेवतो, आणि उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. मी तेव्हा एवढाच विचार केला. रंगाबद्दल आणखी काही विचार करायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि कुणाच्याच आलं नाही.

ती माझ्या मावशीच्या नावानं दिलेली गाडी. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पेपर मिलच्या नोकरीसाठी जळगावकडून इकडे मध्य प्रदेशात आले आणि इकडचेच झाले. मावशी गेली तेव्हा त्यांनी तिचे दागिने मोडले, त्यात आपली शिल्लक घातली आणि मला विचारलं की लोकांच्या रोज उपयोगी पडेल असं काय देता येईल. मंदिरात पंखा नको, बागेत बाक नको. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बहुतेक वेळ मीच असते. कुठल्या गावचा पेशंट कसा आणि किती उशिरा बुऱ्हाणपूरला पोचतो, ते मला तिथं बसून कळतं. मी देडतलाईच्या पलीकडची एक वस्ती सुचवली. सगळी केळीच्या नाहीतर कापसाच्या शेतात काम करणारी माणसं. तिथं शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी देडतलाईला यायचं, आणि दवाखान्यासाठीही तिथंच. बस शाळेच्या वेळेला नसते, जीपच्या टपावरसुद्धा माणसं बसलेली, आणि मधे नाला. मुलगे सायकलवर कसेतरी जातात. मुली आठवीनंतर घरी.

म्हणून गाडी. सकाळ-संध्याकाळ मुलींची ने-आण, आणि मधल्या वेळात गरोदर बायका, म्हातारी माणसं, तापानं फणफणलेली पोरं आरोग्य केंद्रात न्यायची. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार बुधवाऱ्यातल्या आम्ही काही दुकानदारांनी वाटून घेतला.

गाडीवर नाव टाकायला शहरातला जुना पेंटर बोलावला. दुकानांच्या पाट्या, ट्रकांचे पाठभाग, सगळं तोच करतो. काकांनी त्याला मावशीचा फोटो दिला. त्यानं दोन्ही बाजूंना तिचा चेहरा काढला, भोवती झेंडूचा हार, खाली कमळ, आणि लाल अक्षरांत ‘स्वर्गीय श्रीमती’ करून तिचं पूर्ण नाव आणि ‘की पुण्य स्मृति में सादर समर्पित’. शिवाय आपल्या मनानं दोन समया काढल्या. त्यांचे पैसे त्यानं घेतले नाहीत. काकांनी गाडीला एक चक्कर मारली, मग उलटी एक चक्कर मारली, आणि चष्मा पुसला.

शाळा उघडायच्या आधी आम्ही गाडी वस्तीवर नेली. नारळ फोडला. त्या वर्षी आठवी पास झालेल्या मुलींत एक अशी होती की तिच्या सरांनी आपण होऊन देडतलाईच्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. वडील नव्हते, आई दुसरीकडे नांदत होती, सांभाळ आजीकडे. आजीनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं की जायची सोय झाली तर शाळा, नाहीतर मामाकडे पाठवणार, मामीला हाताखाली कुणीतरी हवंच आहे. तेव्हा ही गाडी खरं म्हणजे आधी तिच्यासाठी होती. बाकीच्या मुली तिच्यामागून आल्या असत्या.

काकांनी तिलाच पुढे बोलावलं. म्हणाले, बाळ, काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचून दाखव. जमलेल्या बायकांपैकी कुणालाही वाचता येत नव्हतं आणि काकांना ते नाव एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं. जोडाक्षरांवर अडखळली नाही, ‘पुण्य स्मृति’ तर अगदी आकाशवाणीसारखं. सरांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही वाजवल्या. काकांनी खिशातला पेन काढून तिला दिला.

बायका दोन पावलं मागे सरकल्या ते मी पाहिलं. मला वाटलं, लाजतायत.

शाळा उघडली आणि गाडी रिकामी जायला लागली. ड्रायव्हर वस्तीवर हॉर्न वाजवून थांबायचा, कुणी यायचं नाही. तो विचारायचा तर पोरीला ताप आहे, आज पाहुणे आहेत, उद्यापासून पाठवतो. मी गेले की चहा व्हायचा, गुळाचा, भरपूर. गाडीचं कौतुकही व्हायचं. पाठवणार ना, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पाहू ना.’ आमच्या भागात दान देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. तसं म्हणणं म्हणजे त्याच्या माणसाचा अपमान. हे मला माहीत होतं, मी इथलीच आहे. पण ‘पाहू ना’ मी शब्दशः घेतलं, कारण मला ते तसं घ्यायचं होतं.

मग मी माझ्या पद्धतीनं उपाय सुरू केले. ड्रायव्हर तरुण होता, म्हणून बदलून वयस्क आणला. सोबतीला एक बाई ठेवली. वेळ मागेपुढे केली. आतल्या सीटना कापडी खोळी शिवून घेतल्या. काही फरक पडला नाही. एक म्हातारा तापात असताना दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसून दवाखान्यात गेला, आमच्या गाडीच्या शेजारून. ऑगस्टात एका बाईला कळा सुरू झाल्या तर घरच्यांनी ट्रॅक्टर काढला. चिखलाचा रस्ता, पुढे आमची रिकामी गाडी, मागे ट्रॉलीत गोधड्यांवर ती बाई. ड्रायव्हरनं दुकानात येऊन मला हे सांगितलं आणि म्हणाला, ‘भाभी, मी त्यांना रस्ता दाखवायचं काम केलं.’ त्याला हसू येत होतं. बाई आणि बाळ दोघं ठीक होती, म्हणून मीही हसले.

ती मुलगी तेव्हा घरीच होती. सर अधूनमधून पुस्तकं नेऊन द्यायचे.

दिवाळीच्या आधी मी तिच्या आजीकडे गेले आणि ठरवलं की आज चहा प्यायचा नाही. म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सरळ विचारलं की गाडीत वाईट काय आहे. ती बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, ‘माह्या लेकाले तशाच गाडीत आणलं व्हतं, बाई. धवळी गाडी. तिच्यावरबी एक बाई व्हती, हारवाली.’

मला एका क्षणात सगळं दिसलं. बुऱ्हाणपुरात व्यापाऱ्यांनी दान दिलेली एक शववाहिनी आहे. पांढरी. दात्याच्या आईचा फोटो, हार, समया, लाल अक्षरं. शहरात कुणी मेलं की ती बोलावतात, आणि हॉस्पिटलमध्ये मेलेल्या गावाकडच्या माणसाला तीच घरी पोचवते. लोक तिला स्वर्ग-गाडी म्हणतात. या वस्तीत फोटोवाली पांढरी गाडी त्याआधी आली होती ती फक्त प्रेत घेऊन. आमच्या पेंटरनंच ती रंगवलेली, हे मी नंतर त्याच्याकडून ऐकलं.

मी म्हातारीला समजावू लागले की मावशी देवाघरी गेली म्हणून तसं लिहितात, गाडीचा त्याच्याशी संबंध नाही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली की तिला आधी नुसती शंका होती. फोटो काय, देवीचाही असू शकतो. पण नातीनं सगळ्यांसमोर साफ वाचून दाखवलं ना, स्वर्ग म्हणून. मग शंका कशाची राहिली?

‘ज्या गाडीत माणूस एक डाव बसते,’ ती म्हणाली, ‘तिच्यात पोरीले रोज बसवू का?’

मुलगी दाराच्या आत उभी होती आणि ऐकत होती.

रंग बदलायचा, एवढं साधं काम. पण नाव काकांच्या बायकोचं, आणि काकांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझी आई म्हणाली, त्यांना आत्ता सांगू नको, रडले तर डोळ्याला पाणी लागेल. मावसभाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ दे, मग मी बोलतो. न विचारता रंगवून टाकणं मला सहज शक्य होतं, गाडी माझ्या ताब्यात होती. पण घरातल्या माणसाचं नाव त्याच्या पाठीमागे पुसायचं नसतं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. मला अजूनही ते चुकीचं वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की आमच्या घरातल्या या बरोबर गोष्टीसाठी दुसऱ्या घरातली मुलगी थांबून राहिली.

संक्रांत झाली तेव्हा मीच गेले, भावाची वाट न बघता. काका मिल कॉलनीबाहेरच्या त्यांच्या घरात ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, म्हातारीच्या मुलासकट. ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, ‘अगं, तुझ्या मावशीला नेताना मी त्याच गाडीत बसलो होतो. पुढे, ड्रायव्हरशेजारी. मलाच कळायला हवं होतं.’

नंतर मला सांगितलं की मावशीला कॉलनीतल्या शाळेत शिकवायला बोलावलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं. दारावरची पाटी त्यांची, रेशन कार्डावर पहिलं नाव त्यांचं. कुठंतरी तिचं नाव मोठ्या अक्षरांत यावं, एवढीच हौस होती. ‘काढून टाका,’ ते म्हणाले. ‘मागे नुसतं मौसी लिहा. तेवढं चालेल ना त्यांना?’

चालेल, मी म्हटलं.

पेंटरनं कुरकुर केली. मावशीच्या चेहऱ्यावर पहिला हात मारायला तो तयार होईना. शेवटी चहा प्यायला गेला आणि पोराकडून ते करून घेतलं. गाडी पिवळीधमक झाली. मागे निळ्या अक्षरांत ‘मौसी’. फोटो नाही, समया नाहीत. त्यात सगळ्यात पहिली कोण बसली तर ती म्हातारी. डोळे तपासायला देडतलाईला गेली, येताना बाजारातून मुरमुरे घेतले, आणि उतरताना ड्रायव्हरला म्हणाली की गचके फार बसतात. त्यानंतर गाडी कधी रिकामी गेली नाही. आज तिच्यातून मुली दाटीवाटीनं शाळेत जातात. मौसीची गाडी आली, असं पोरं ओरडतात. मौसी कोण, हे त्यांना माहीत नाही. काकांनी एकदा ते ऐकलं आणि म्हणाले, ठीक आहे. त्यांचा आवाज ठीक नव्हता.

पण ती मुलगी पौषातच मामाकडे गेली होती, रावेरच्या बाजूला. रंगाचा ब्रश गाडीला लागायच्या आधी. मी म्हातारीला निरोपावर निरोप दिले की परत आणा, सर शाळेत बोलतील. म्हातारी म्हणाली, मामी बाळंत झाली, आता कशी आणू. पुढच्या वर्षी मामानं तिला केळीच्या पॅकिंगवर लावलं. फण्या धुवायच्या, मधे फोम घालायचा, खोक्यात भरायच्या. मजुरी तिच्या हातात येत नव्हती, पण तिच्या नावानं यायला लागली होती, आणि एकदा ती यायला लागली की शाळेचं नाव कुणी काढत नाही.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आजीकडे आली. माहेरवाशिणी येतात तशी, लग्न झालेलं नसूनही. त्या दिवशी मी औषधं घेऊन गाडीबरोबर वस्तीवर गेले होते. झोक्यावर मुली होत्या, गाणी चालली होती. ती झोक्यावरून उतरून गाडीपाशी आली. उंच झाली होती. केळीच्या चिकाचे काळे डाग तिच्या बोटांवर पक्के बसले होते. तिनं मागचं ‘मौसी’ वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलवून. मग पिवळ्या रंगावर, बाजूला जिथं आधी लाल अक्षरांची ओळ होती, तिथं हात ठेवला.

‘मॅडम, मी तेव्हा ते स्वर्गीय जरा अटकत वाचलं असतं ना,’ ती म्हणाली, ‘तर कोणाला समजलंच नसतं.’

मी म्हटलं, तू बरोबर वाचलंस. त्यात तुझी काही चूक नाही.

‘ते तर आहेच,’ ती म्हणाली. ‘सर नेहमी बोलायचे, साफ वाच.’

ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगत होती. मला गप्प बसता येत नाही. मी लगेच सुरू केलं: शाळेत न जाता घरून दहावीची परीक्षा देता येते, फॉर्म मी भरते, पुस्तकं मी पाठवते, परीक्षेच्या दिवसांत मामाशी मी बोलते, रावेरहून बुऱ्हाणपूर काही लांब नाही, माझ्याकडे राहा. तिनं सगळं नीट ऐकलं. मधे एकदा मान हलवली. झोक्यावरून तिला कुणीतरी हाक मारत होतं.

‘काकांचा पेन आहे का अजून?’ मी विचारलं.

आहे म्हणाली. मामाचा मुलगा वापरतो.

‘मग भरू ना फॉर्म?’

तिनं पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतली, म्हातारीसारखी, आणि माझ्याकडे पाहून छान हसली.

‘पाहू ना, मॅडम.’

आता त्याचा अर्थ मला कळतो. मी औषधांची पिशवी सरांच्या हातात दिली आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.