मन्मथचं माप

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि पलीकडून त्या म्हणाल्या, "भावजी, हे जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत बघा." मी म्हणालो, "नीट हलवून बघा, सोंग करत असेल तो." असं बोलतात का कुणी? पण मन्मथच्या बाबतीत मला दुसरं काही सुचेचना… दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंगण माणसांनी भरलं. तेलगावचे, पालीचे, बीडचे लोक, आणि त्यातल्या निम्म्यांचे दात त्यानेच सरळ केलेले. सगळे तोंड उघडून रडत होते. एका ओळीतले ते दात बघून मला भर अंगणात हसू फुटलं. लोकांना वाटलं, सरांचं डोकं फिरलं.

आम्ही दोघं तेलगावचे, एका बाकावरचे. त्याच्या घरचं कापडाचं दुकान. वडिलांना वाटायचं, पोरगं गादीवर बसेल. पोरगं पुण्याला जाऊन दातांचा डॉक्टर झालं. मी अंबाजोगाईत चित्रकलेचा मास्तर होतो, म्हणून त्यानेही दवाखाना तिथेच थाटला. गावात केबल नुकतीच आली होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उघडत होते. टीव्हीवर सरळ दातांच्या मुली हसायला लागल्या आणि इकडे आया आपापल्या पोरींची हनुवटी धरून मन्मथच्या दारात उभ्या राहिल्या. त्याची कामाची तऱ्हा मात्र कापडवाल्याच्या मुलाचीच, मापल्याशिवाय चैन पडायची नाही. आधी ओल्या मसाल्यात दातांचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पांढरा जबडा काढायचा, मग लेथवाल्याकडून आणलेलं व्हर्नियर, ती बारीक मापाची सरकती पट्टी, एका सुळ्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या सुळ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत लावायचं. तारा बसवण्याआधी एकदा, तारा काढल्यावर एकदा. त्या मापांवरून दातांची कमान ग्राफपेपरवर काढून द्यायचं काम माझं. चहा त्याचा, पेन्सिल माझी.

माझी वैशाली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तिचे खालचे पुढचे दात एसटीत सीट न मिळालेल्या माणसांसारखे एकमेकांच्या अंगावर चढलेले. दोन दात काढून जागा करू, असं मन्मथ म्हणाला आणि मी भडकलो. मी तापट माणूस, लपवत नाही. "माझ्या पोरीचा एक दात काढायचा न्हाई, सांगून ठेवतो!" मग त्याने तारांनी कमानच रुंद केली. सुळ्यापाशी अठ्ठावीस मिलिमीटर होतं, ते तीस झालं. दात छान बसले. तेवढ्यावर हुरळून आणखी दहा पोरांचं त्याने तसंच केलं. पुण्यातल्या त्याच्या सरांनी पत्रातून बजावलं, खालच्या सुळ्यांची रुंदी ढकलू नकोस, ती पुन्हा मूळ मापावर येते. मन्मथला ते झोंबलं. "दोन वर्षांनी मोजून दाखवतो," म्हणाला. त्याचा शब्द आणि माझ्या पोरीचं तोंड, दोन्ही त्या दोन मिलिमीटरवर येऊन अडकलं.

दोन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर अकराच्या अकरा पोरांना बोलावून त्याने नवे ठसे घेतले. दवाखान्यात रंगकाम चाललेलं, म्हणून ते प्लास्टरचे जबडे वाळायला घरी, स्वयंपाकघरातल्या देवळीत, चुलीच्या उबेला ठेवले. पाडवा झाल्यावर मोजायला बसला. वैशालीचं तीस! बाकीच्यांचंही जसंच्या तसं, दोघांचं तर थोडं वाढलेलंच. काय उड्या मारल्या त्याने! गल्लीत पेढे वाटले आणि पुण्याला पत्र टाकलं, "सर, माझी मापं टिकली."

मी पेढे घेऊन घरी आलो. वैशालीने पेढा तोंडात टाकला आणि हसली… खालचे दोन दात परत एकमेकांवर चढायला लागलेले मला स्पष्ट दिसले. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात ते खरं, पण चित्र काढणाऱ्या माणसाला तरी दिसायला नको होतं का? मी तसाच माघारी गेलो.

"तुझं माप खोटं हाय, मन्मथ."

"व्हर्नियर खोटं बोलत नसतं बे."

"आन् माझी पोरगी खोटी हसती का?"

मी रागाने वैशालीचा जबडा उचलला आणि सुळ्यावर नख मारलं. पांढरा पोपडा निघाला. तेवढ्यात मन्मथची आई चहा घेऊन आली. म्हणाली, "नख कावून मारतो रे? दोन हात दिलेत चुन्याचे. चुलीच्या धुरानं लई पिवळे पडले होते. दिवाळीचे पावणे काय म्हणतील, डॉक्टरच्या घरात पिवळे दात!"

आम्ही दोघं मग जे हसलो, पोटं धरून. म्हातारीला काही कळेना. दातांच्या डॉक्टरला प्लास्टर आणि चुना ओळखू येऊ नये, यावरून मी त्याला पुढे आयुष्यभर छळलं.

हसणं ओसरल्यावर मात्र तो ब्रश आणि पाणी घेऊन बसला. अकरा जबडे घासून काढले. वैशालीचं माप साडेअठ्ठावीस. बाकीच्यांचीही तीच गत. मी म्हणालो, "जाऊ दे ना. पुण्याहून कोण येतंय मोजायला?" मन्मथ माझ्यावर जन्मात एकदाच ओरडला, तो त्या दिवशी. "पोरांची तोंडं हायेत ती! मी चुकलो, आन् तू मला झाकून ठेव म्हणतो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

त्याच दिवशी त्याने दुसरं पत्र टाकलं. "सर, माप चुकलं होतं. तुमचं बरोबर." मग अकरा घरी स्वतः गेला. माझ्याकडे आला तेव्हा वैशालीसमोर उभा राहून म्हणाला, "बाई, तुझ्या काकानं हट्ट केला. परत करू या, येशील का?" पोरगी लगेच उठली. या खेपेला त्याने कमान रुंदावली नाही. दातांच्या कडा किंचित घासून ते मूळच्या अठ्ठावीस मिलिमीटरांतच बसवले आणि मागून एक बारीक तार कायमची चिकटवून टाकली. आईला मात्र शब्दानेही बोलला नाही. उलट प्रत्येक लग्नात, बारशात तिचा आवाज काढून हाच किस्सा सांगायचा आणि म्हातारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

परवा, त्याला जाऊन तीन आठवडे झाल्यावर, वैशाली पुण्याहून वहिनींना भेटायला आली. आता तिचीच मुलगी कॉलेजात आहे. वहिनींनी कपाटातून एक वही काढून माझ्या हातात दिली. मला तिचा पत्ताच नव्हता. वैशालीच्या नावाचं एक अख्खं पान. दर दिवाळीला ती माहेरी आली की फराळाला बोलवून हा माणूस तिला आ करायला लावत होता, आणि मला वाटायचं लाड चाललेत! पंचवीसेक ओळी, प्रत्येक ओळीत वर्ष आणि पुढे अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. यंदाचं वर्षही त्याने लिहून ठेवलं होतं. पुढची जागा रिकामी.

वैशाली खुर्चीवर बसली आणि तिने आ केला. व्हर्नियर वहीसोबतच होतं. मी दोनदा मोजलं.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"मग लिहा की भावजी, थांबलात कावून?"