उंट विकला की नाही

हल्ली मुलांना पुस्तकांचे सारांश मोबाइलवर मिळतात. आमच्या जुन्या वाचनालयानेही तशी काही सोय केली आहे असं ऐकलं. पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवलं की दोन मिनिटांत गोष्ट संपते. ही नवी कल्पना आहे असं लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसतो. ही कल्पना माझी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहरातल्या महाल भागातल्या एका वाचनालयात मी ती सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली होती, आणि माझी बोटं आठवडाभर शाईने काळी होती.

मी तिथे सहायक होतो आणि बालविभाग माझ्याकडे होता. बालविभाग म्हणजे काचेची दोन कपाटं, एक लांब सतरंजी आणि भिंतीवर वाचनाचे फायदे सांगणारा तक्ता. कपाटांची किल्ली ग्रंथपालांच्या जानव्याला असे. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ होते. आपल्या कारकिर्दीत बालविभागातलं एकही पुस्तक फाटलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. हा विक्रम कसा झाला ते उघड होतं. पुस्तक घरी न्यायला मिळत नसे. मुलांनी संध्याकाळी पाच ते सहा या वेळात यायचं, आधी दोन्ही तळहात दाखवायचे, मग मी सांगितलं की ग्रंथपाल कपाट उघडत. हिवाळ्यात ही तपासणी कडक होई. महालातली मुलं दिवसभर संत्री सोलत, आणि संत्र्याचे हात एकदा पानांना लागले की पानं चिकटतात. मी हात हुंगून पाहत असे. या कामासाठी मी पदवी घेतली होती.

एका मुलीच्या हातांना संत्र्याचा वास कधी आला नाही. तंबाखूचा येई. नऊ-दहा वर्षांची असेल. मागच्या वस्तीत तिची आई आणि शेजारच्या चार-पाच बाया अंगणात बसून बिड्या वळत, आणि शाळा सुटल्यावर ही तेंदूची पानं कापून देई. हात धुऊनच यायची, पण तंबाखू धुऊन जात नाही. ग्रंथपालांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. मी मध्ये पडलो, म्हणालो, वासाने पान फाटत नाही. हा माझा त्या मुलीवरचा एकमेव उपकार आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याच्या आधी तो नोंदवून ठेवतो.

ती फार हळू वाचत असे, ओठ हलवत. एका तासात चार पानं. एकच पुस्तक तिने कित्येक दिवस धरून ठेवलं होतं. मुखपृष्ठावर उंटावर बसलेला मुलगा आणि मागे राजवाडा. एकदा मी विचारलं, एवढ्याशा पुस्तकाला इतके दिवस काहून लागतात? तिने सांगितलं की ती चारच पानं वाचते, कारण तितकीच लक्षात राहतात. घरी गेल्यावर ती चार पानं बायांना सांगावी लागतात. बिड्या वळता वळता सगळ्या ऐकतात, आणि आता त्या रोज विचारतात, उंटाचं पुढं काय झालं. मग तिने मला विचारलं की पुस्तक एका दिवसापुरतं घरी नेता येईल का. सांगण्यापेक्षा वाचूनच दाखवलं असतं. मी नियम सांगितला.

त्याच हिवाळ्यात संचालक मंडळाला वाटलं की मुलांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करावी. आजवर ती कपाटात होती. ठरलं असं की वाचन सप्ताह करायचा, शेवटच्या दिवशी समारंभ, वीस मुलं वीस पुस्तकांच्या गोष्टी सांगतील आणि संस्थेचे अध्यक्ष परीक्षण करतील. अध्यक्ष कापसाच्या व्यापारातले होते, व्यासपीठावर बसण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. पहिला येईल त्याला बक्षीस म्हणून वर्षभर दर आठवड्याला एक पुस्तक घरी न्यायची परवानगी. हे बक्षीस मीच सुचवलं होतं. सुचवताना ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे होती. आणि मुलांनी आपण वाचलेलं पुस्तक सांगायचं, म्हणजे उंटाचं पुस्तक तिचंच होतं.

अडचण एकच होती. गोष्ट सांगायची तर मुलांना पुस्तक हवं, आणि वीस पुस्तकं आठवडाभर वीस घरांत गेली तर विक्रमाचं काय होणार? शिवाय अध्यक्ष वीस पुस्तकं कधी वाचणार, आणि वाचली नाहीत तर परीक्षण कसं करणार? तेव्हा मी तोडगा काढला. प्रत्येक पुस्तकाचा एका पानाचा सारांश मी लिहीन. एक प्रत मुलाला, एक अध्यक्षांना. मुलाने पाठ करावं, अध्यक्षांनी ताडून पाहावं. ग्रंथपालांनी माझी पाठ थोपटली. पुस्तक न फाटता वाचन होणार होतं.

चार दिवसांत वीस सारांश लिहायचे होते. मी त्या काळात फार जाडजूड पुस्तकं वाचत असे आणि वाचतो हे लोकांना दिसेल अशी धरत असे. मुलांची पुस्तकं वाचणं मला कमीपणाचं वाटे. पहिली सहा वाचली. पुढची चाळली. शेवटच्या पाच-सहांची प्रस्तावना वाचली आणि चित्रं पाहिली. उंटाचं पुस्तक या शेवटच्यांत होतं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की या कथेतून बालकांना कर्तव्याची शिकवण मिळेल. मुखपृष्ठावर राजवाडा होताच. मी लिहिलं: वडील मुलाला उंट विकायला पाठवतात, वाटेत संकटं येतात, मुलगा डगमगत नाही, अखेर राजाला उंट विकून घरी येतो, वडील प्रसन्न होतात. लिहून झाल्यावर मला ते बरं वाटलं. आजही ते वाचलं तर कुणाला शंका येणार नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी माईकवाल्याशी बोलत होतो तेव्हा ती मुलगी कागद घेऊन आली. कोपऱ्यात बराच वेळ उभी राहिली. मी काय आहे असं विचारल्यावर म्हणाली, "सर, यात बरोबर नाही लिवलं. उंट नाही विकत तो."

मी म्हणालो, "कागदावर जे आहे ते पाठ कर. नंबर त्यावर मिळणार आहे."

ती गेली. माईकवाल्याला हार कुठे येणार हे समजावून सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर पालक, आणि दाराशी तिची आई आणि शेजारच्या दोन बाया उभ्या होत्या. काम टाकून आल्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पुस्तकांची कपाटं व्यासपीठाच्या शेजारीच सरकवली होती आणि त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एक माळ नेमकी कुलपावर आली होती. समारंभानंतर मुलांना संत्री वाटायची होती, म्हणून कपाटं उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलं एकेक करून येत होती आणि माझी वाक्यं म्हणत होती. अध्यक्ष कागदावर बोट फिरवत ओळीमागून ओळ तपासत होते. पंधरा मुलांनी माझी वाक्यं म्हटली तेव्हा मला लेखक झाल्यासारखं वाटलं. मग ती आली.

तिने फ्रॉकवर भावाचा स्वेटर घातला होता. तिने कागद आणलाच नव्हता. सुरुवात तिने आपल्या शब्दांत केली, बहुतेक बायांना सांगायची तशी, कारण मध्येच ती "मंग काय झालं" असं स्वतःच विचारी आणि स्वतःच उत्तर देई. लोकांना गंमत वाटू लागली. अध्यक्षांचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. त्यांना ओळ सापडत नव्हती. शेवटी ती म्हणाली की राजवाड्याच्या दारापर्यंत गेल्यावर मुलाला उंटाचे डोळे दिसले, आणि त्याने उंट विकला नाही.

"विकला," अध्यक्ष म्हणाले. रागाने नाही, आजोबा नातीला सुधारतात तसं. "इथं लिहिलं आहे बेटा. राजाला विकला."

"पुस्तकात नाही विकला."

लोक हसले. अध्यक्षही हसले, आणि माझ्याकडे वळले. मी व्यासपीठाच्या कडेला माईकपाशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "काय हो, विकला की नाही?"

कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. किल्ली असलेले गृहस्थ दुसऱ्या खुर्चीत बसले होते. मला माहीत नव्हतं हे खरं, पण मला माहीत नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि तिने आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. मी माईकमध्ये म्हणालो, "विकला, साहेब."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, बायांकडे. अध्यक्ष म्हणाले की पोरीची कल्पनाशक्ती चांगली आहे, पण वाचन लक्षपूर्वक करावं. टाळ्या झाल्या. संत्री वाटली जाईपर्यंत दाराशी कुणी नव्हतं. पहिलं बक्षीस एका मुलाला मिळालं, त्याने पूर्ण पान एका श्वासात म्हटलं होतं. त्या मुलाने वर्षभरात दोन पुस्तकं नेली. दोन्ही त्याच्या वडिलांनी परत आणून दिली, अगदी कोरी.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या माळा काढायच्या म्हणून मी किल्ली मागून घेतली आणि उंटाचं पुस्तक उभ्यानेच वाचलं. अर्ध्या तासाचं काम होतं. मुलगा उंट विकत नाही. राजवाड्याच्या दारातून परत फिरतो, वडिलांचा मार खातो आणि उंट दारात बांधून ठेवतो. प्रस्तावना लिहिणाऱ्यानेही पुस्तक वाचलं नसावं. पानांच्या सांध्यात तंबाखूचे बारीक कण होते, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

ती आली की सांगू, असं मी ठरवलं. ती आली नाही. तीन आठवडे मी पाच वाजता दाराकडे पाहत होतो, आणि न आल्याबद्दल तिचाच थोडा राग करत होतो. माणूस असा राग सहज करू शकतो. मग एका रविवारी पुस्तक पिशवीत टाकलं आणि वस्तीत गेलो. ग्रंथपालांना विचारलं नव्हतं. शनिवारी कपाट बंद होण्याआधी काढून ठेवलं होतं.

अंगणात बाया गोलात बसल्या होत्या. मांडीवर सूप, हात चालू. तिची आई म्हणाली, बसा मास्तर. मी मुलीची चौकशी केली तर म्हणाली, "आता सांगतच नाही ते काही. म्हणते, माह्यं चुकते."

मुलगी आतून दारात आली. मी तिला म्हटलं की मी पुस्तक वाचलं.

"आता?" तिने विचारलं.

"हो. तुझं बरोबर होतं."

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

मी पुष्कळ उत्तरं तयार करून नेली होती. तोंडातून निघालं ते हे: "कार्यक्रम चालू होता."

ती बायांकडे हात करून म्हणाली, "इथं सांगा मंग. याह्यच्यासमोर."

मी सांगितलं. मुलीने बरोबर सांगितलं होतं, उंट विकला नाही, चूक माझी होती, मी पुस्तक न वाचता लिहिलं होतं. सभेत बोलताना मला कधी अडखळायला झालं नाही, तिथे झालं. बायांचे हात थांबले नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी होती ती खाली पाहतच म्हणाली, "आमाले तं माहीतच होतं मास्तर. हे तुमाले तिकडं सांगाले पाहिजे होतं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मुलीपुढे धरलं. म्हणालो, ठेव, वाचून दाखव सगळ्यांना. तिने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"मोठ्या सरांनी देल्लं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्या कामाचा सराव होता. पण नाही म्हणालो.

तेव्हा तिची आई म्हणाली, आवाज न चढवता, "घेऊन जा मास्तर. उद्या कोनी म्हणंल, बिडीवालीच्या घरी सापडलं."

मी ते परत नेलं. सोमवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा ग्रंथपालांची पाठ फिरताच पुस्तक जागेवर ठेवलं. विक्रम अबाधित राहिला. मंडळापुढे उभं राहून चूक सांगण्याचं मी पुढच्या बैठकीत ठरवलं, मग त्याच्या पुढच्या. त्याच वर्षी माझी नेमणूक कायम झाली.

वाचन सप्ताह लोकांना इतका आवडला की दुसऱ्या वर्षी पुन्हा झाला. या वेळी मी वीसच्या वीस पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मगच सारांश लिहिले. एवढीच सुधारणा मी केली. पुस्तकं कपाटातच होती. उंटाची गोष्ट एका वकिलाच्या मुलाला आली. त्याने ती न चुकता म्हटली, आणि अध्यक्ष बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आले.

"उंट विकला नाही," मुलगा म्हणाला.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दाराकडे न पाहता.