दुपारी आडवं होणं

तेर गाव सोडलं त्या दुपारी आईच्या अंगात ताप होता. तरी ती माझ्या बॅगेत शेंगाचटणीची पुडकी बसवत होती.

"आई, गाडीला येळ हाय, आडवी हो जरा."

तिनं दाराकडं खूण केली. "आबा ओसरीवर हायत. सुनंनं दिसाढवळ्या आडवं व्हायचं असतं व्हय?"

आबा म्हणजे माझे आजोबा. वडीलधारी माणसं ओसरीवर असताना सुनेनं भिंतीला टेकून डुलकी घ्यावी, पण पाठ जमिनीला लावू नये, ही आमच्याकडची रीत. चांगल्या घरची रीत म्हणे!

नवऱ्याच्या नोकरीमुळं आता मी स्पेनमध्ये आहे. सकाळी भाषेच्या क्लासला जाते. परवा बाईंनी 'आकोस्तार्से' शिकवलं. अंथरुणावर पडणं, म्हणजे स्वतःला आडवं करणं. कोण कधी आडवं होतं, ते प्रत्येकीनं सांगायचं होतं. शेजारची मोरोक्कोची बाई म्हणाली, "दुपारचं जेवण झालं की, मे आकुएस्तो." मी आडवी होते, एवढंच. ना लाजली, ना तिनं दाराकडं बघितलं. माझी पाळी आली आणि माझं डोकंच फिरलं. वाक्य येत होतं, पण डोळ्यांपुढं तापातली आई आली.

राग आबांचा आला. जन्मात एकदा "सूनबाई, पड जरा" म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? दादांचा, म्हणजे वडिलांचा, तर जास्तच आला. आईचं कण्हणं ऐकून ते चहा मागायचे. आबा आता नाहीत. आईच्या कमरेला डॉक्टरांनी पट्टा दिलाय, दुपारी पडून राहा म्हणून बजावलंय. पण ओसरीवरच्या आबांच्या जागी आता दादा बसतात.

क्लास सुटल्यावर मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार. आई पट्टा बांधून भिंतीला टेकलेली. मी तिला फोन दादांकडं द्यायला लावला.

"दादा, आईला आडवी हो म्हणा."

"म्या काय धरून ठिवलंय व्हय तिला?"

"न्हाय धरलं. पर तुमी म्हणल्याबिगर ती पडायची न्हाय. म्हणा की!"

दादांनी फोन ठेवला. तेव्हापासून बोलत नाहीत. नका बोलू.

गावाकडच्या मैत्रिणी विचारतात, दिवाळीला घरी येणार ना? येणार. भर दुपारी, दादा ओसरीवर असताना, माजघरात सतरंजी अंथरणार आणि आईला हाताला धरून शेजारी निजवणार. ती पाठ टेकेल तेव्हा त्याला घर म्हणेन. तोवर ती दादांची ओसरी आहे.