मावशींच्या रश्श्याला न दिलेली दाद

सातवीत शाळा सुटली. पुढं परभणीकडून कामासाठी कोल्हापूरला आलो, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. दिवसभर ओतकामाच्या कारखान्यात, आणि जेवायला मंगळवार पेठेत एका मावशींच्या घरगुती खानावळीत. परक्या मुलखात मला घरच्यासारखं ताट मिळालं ते त्यांच्यामुळंच.

कोल्हापुरात रस्सा वाढून कुणी निघून जात नाही. वाढणारा समोर उभा राहून खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो. कपाळाला घाम, नाकाला पाणी, एखादं "आयला, जाळ हाय!" एवढं निघालं की वाढणाऱ्याचं पोट भरतं.

माझं तोंड त्या काळात भिंतीसारखं झालं होतं. काम जाईल, मालक बोलेल, अशी छातीत सारखी धाकधूक, झोप नाही. बाहेर मात्र काहीच उमटायचं नाही. मला वाटायचं मी हसतोय, आणि सोबतचे विचारायचे, "का रं, कोण गेलं काय घरात?"

"कसं झालंय, पावणं?" मावशी विचारायच्या.

"चांगलं झालंय."

"जीभ चांगलं म्हणती, थोबाड न्हाय म्हणतंय की!"

त्यांना ठाऊक होता तो इलाज त्यांनी केला. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी कांडून आणली, तिच्यात लवंगी मिरची वाढवून. रविवारी मटणाच्या रश्श्यावर सगळी पंगत हाशहुश्श करायला लागली.

"तुज्या एकट्याच्या तोंडापायी आमची तोंडं पोळली की लेका!" शेजारी बसलेला, लेथवर काम करणारा टर्नर ओरडला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशी खूश. "आलं, आलं! पाणी आलं!" सगळे हसत होते, आणि त्या तिखटाच्या आडोशानं मी पोटभर रडून घेतलं.

पुढच्या रविवारी तोंड पुन्हा कोरडं. ताटं उचलताना मावशी स्वतःशीच म्हणाल्या, "हाताची चव गेली म्हणायची माज्या." आत काहीतरी तुटलं. वर काही हललं नाही.

आजार वाढला तसा गावी परतलो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, नैराश्यात चेहराही आजारी पडतो, आतलं बाहेर पोचत नाही. गोळ्या चालू झाल्या, हळूहळू हसू परत आलं. काही वर्षांनी कोल्हापुरात पुन्हा काम लागलं, तेव्हा आधी मंगळवार पेठ गाठली. खानावळ बंद झाली होती. हात थरथरायला लागल्यापासून मावशींनी चूल सुनेकडं दिली होती; त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी तोंडभर हसत समोर उभा राहिलो.

"कोण तुमी?"

"मावशी, मी परभणीचा. तुमच्याकडं जेवायचो."

"त्यो न्हवं तुमी. त्येला हसायला येत न्हवतं."

माझं हसू विझलं, तशा त्या पुढं वाकल्या. "व्हय की रं, तूच हाईस!" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांग, माजा रस्सा गोड लागत न्हवता न्हवं?"

"त्या रश्श्यावर तर जगलो, मावशी."

पण नेमका तेव्हाच माझा चेहरा पहिल्यासारखा थिजला. मावशींनी तो निरखून बघितला.

"असू दे, पावणं," त्या म्हणाल्या. "मन राखायला कशाला बोलतोस आता? च्या घेतोस न्हवं?"