खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

आमच्या दवाखान्यात खंडेनवमीला सर्व्हरचीही पूजा होते. नाशकात त्या दिवशी कारखान्यापासून गॅरेजपर्यंत सगळी यंत्रं थांबतात. मग आमच्याच यंत्राने काय घोडं मारलंय? दवाखान्याचे संगणक सांभाळते मी; वर्षातून त्या एकाच सकाळी तो रीतसर बंद करते, धूळ काढते, झेंडूचा हार घालते आणि पुन्हा चालू करते. रुग्णांचे जुने स्कॅन सगळे त्याच्या पोटात. एरवी तो बंद करायची माझी छाती होत नाही.

त्या वर्षी नारळ फोडला, बटण दाबलं, पंखे घोंगावले. मग काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येऊन थांबली: डिस्क जोडता येत नाही. परत चालू केला. परत तेच.

तेवढ्यात फोन वाजला. मेंदूचे सर्जन होते. सटाण्याकडचा एक माणूस ट्रॅक्टरवरून पडून आला होता, डोक्यात रक्त साचत होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच जागी आमच्याकडेच ऑपरेशन होऊन आत धातूची क्लिप बसवलेली. त्या धातूपायी नव्या स्कॅनमध्ये नुसता पांढरा झगमगाट दिसत होता.

"शीर कुठून जाते ते क्लिप बसवण्याआधीच्या जुन्या स्कॅनमध्येच कळेल, मॅडम. त्यांची फाइल गावाला राहिलीय. किती वेळ?"

"दहा मिनिटं, सर," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

बॅकअपमधून शोधायचं तर दोन तास गेले असते. खुर्चीत बसले, घाईत एकच आज्ञा तीनदा चुकली. शेवटी डिस्कची यादी आली. स्कॅन ठेवलेल्या आतल्या दोन्ही डिस्कपुढे 'मल्टिपाथ' असं लिहिलेलं होतं.

माहितीचा बाहेरचा मोठा साठा सर्व्हरला दोन केबलींनी जोडतात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यामुळे एकच डिस्क मशीनला दोनदा दिसते. या दोन वाटा एकाच डिस्कच्या आहेत हे ओळखून ती सांभाळणारी व्यवस्था म्हणजे मल्टिपाथ. आतल्या डिस्कना एकच वाट, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. पण या व्यवस्थेने त्याही आपल्याच समजून ताब्यात घेतल्या होत्या. मशीन मागायला गेलं की उत्तर येई, डिस्क दुसऱ्याच्या वापरात आहे.

असं का झालं हे शोधावं लागलंच नाही. उन्हाळ्यात नवा साठा जोडताना मीच दुसऱ्या सर्व्हरवरची सेटिंगची फाइल उचलून इथे टाकली होती. 'दिसेल ती प्रत्येक डिस्क घे' असं त्यात होतं. आतल्या डिस्क वगळायची ओळ उद्या लिहू म्हटलं आणि राहिली. मशीन मधे एकदाही बंद झालं नाही, म्हणून काही बिघडलंही नाही. चार महिने माझा आळस तिथे दबा धरून बसला होता. शाबास गं बाई, मी स्वतःलाच म्हणाले, आणि मला रडूच यायला लागलं.

वगळायची ओळ लिहिली, पुन्हा चालू केलं. हा सर्व्हर उठायला सात-आठ मिनिटं घेतो. फोन वाजला. "दहा मिनिटं, सर." स्क्रीन पुन्हा तिथेच अडली.

अगं, ती प्रत! सुरू होताना मशीन आधी स्वतःची एक छोटी शिदोरी सोडतं आणि तिच्यात सेटिंगची जुनीच प्रत बांधलेली असते. ती नव्याने बांधायला हवी हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. बांधली. पुन्हा चालू. पुन्हा ती सात-आठ मिनिटं. देवाचं नाव घ्यायचीही लाज वाटत होती. हार त्याच्या नावाचा आणि घोळ माझा.

डिस्क जोडल्या गेल्या. मी फोन केला. "दिसला स्कॅन," एवढंच म्हणून सरांनी फोन ठेवला.

एकूण चाळीस मिनिटं गेली होती. "बंद-चालू करताना होतं असं कधी कधी," व्यवस्थापक सगळ्यांना सांगत होते. मीही मान डोलावली. ती मान डोलावल्याचा मला आजही राग येतो.

माणूस वाचला. आठवड्याने मी सरांना गाठून विचारलं, चाळीस मिनिटांनी काही फरक पडला का? "पडलाही असेल," ते म्हणाले. "नसेलही. हे कुणालाच सांगता यायचं नाही."

मग मी वॉर्डात गेले. तो पलंगावर बसला होता, बायको संत्रं सोलून भरवत होती. "आते बरं शे," तो हसून म्हणाला. "हा डावा हात तेवढा ऐकत नाय अजून."

"दादा, त्या दिवशी ती चाळीस मिनिटं माझ्यामुळे गेली," मी म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"कोनती चाळीस मिन्टं, ताई?" बायकोने विचारलं.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डोक्याच्या ऑपरेशनला तेवढी तयारी लागतच असेल, असं समजून ती बाई बाहेर बाकावर बसून राहिली होती. मी स्टूल ओढलं आणि उन्हाळ्यापासून सांगायला सुरुवात केली.